फॅमिली कुंड

विहंगने पॅकेज बुक करताना जुईला विचारलं नव्हतं. बंगळुरूहून त्याने फक्त एक फोटो पाठवला. डोंगराच्या कुशीत दगडी कुंड, वर वाफ, आणि पाण्यात खांद्यापर्यंत बुडून डोळे मिटून हसणारी एक बाई. खाली लिहिलं होतं, ‘पप्पा आणि आत्याला सरप्राइज. गरम पाण्याचे झरे, नॅचरल. शनिवारचं डे पॅकेज. तुझंही नाव टाकलंय, तूही जरा रिलॅक्स हो. गाडी काढशील ना?’

जुईने ऑफिसच्या जिन्यात जाऊन त्याला फोन लावला.

“तुला माहितीये ना, ते दोघं एकमेकांशी बोलत नाहीत?”

“म्हणूनच तर. एक दिवस एकत्र गेले की होईल सगळं नीट.”

“ते एकत्र जात नाहीत, विहंग. मी त्यांना नेते.”

“अगं, पण डेट आता बदलता येत नाही,” विहंग म्हणाला, आणि त्याची मीटिंग सुरू झाली.

मनमोहन म्हणजे या बहीण-भावाचे पप्पा, वय चौऱ्याहत्तर, एका सॉलिसिटर फर्ममधून निवृत्त. राजलक्ष्मी त्यांची थोरली बहीण, टेलिफोन खात्यात आयुष्य काढलेली, लग्न न केलेली. ठाकूरद्वारच्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर दोघांची बिऱ्हाडं समोरासमोर, मध्ये एक पॅसेज. जुई आणि विहंग लहान असताना त्या दोन दारांत फरकच नव्हता. संध्याकाळचा चहा आत्याकडे, रात्रीचं जेवण इकडे, असं चालायचं.

दोन वर्षांपूर्वी जुईची आई, हेमलता, गेली. त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत पॅसेजमधल्या सामाईक रॅकमधून पप्पांनी आत्याच्या चपला काढून खाली ठेवल्या. आत्याने दुसऱ्या दिवशी स्वतःचा नवा रॅक मागवला. तेव्हापासून पॅसेजमध्ये दोन रॅक होते आणि बोलणं बंद. जुईने दोघांनाही कारण विचारून पाहिलं होतं. पप्पा म्हणाले, “तिलाच विचार.” आत्या म्हणाली, “मला काय माहीत, चपला मी थोड्याच काढल्या?” हळूहळू सगळे धरूनच चालले की भांडण रॅकवरून आहे.

त्या दोन वर्षांत जुईचा फोन म्हणजे त्या दोघांमधली खिडकी झाला होता. ती माटुंग्याला राहायची, दिवसभर आर्किटेक्टच्या ऑफिसात असायची, आणि साइटवर टाइल्स मोजताना आत्याचा फोन यायचा, “त्याला सांग, मोटर लावून झोपू नये, टाकी वाहतेय.” मागून पप्पांचा आवाज ऐकू यायचा, “तिला सांग, मोटर मी लावलेली नाही.” दोघं पॅसेजमध्ये हातभर अंतरावर उभे असायचे. जुई तरीही आधी एकाला आणि मग दुसऱ्याला सांगायची, कारण नाही सांगितलं तर दोन्हीकडून पुन्हा फोन यायचा.

शनिवारी सकाळी ती माटुंग्याहून निघाली ती आधी उलट्या दिशेने ठाकूरद्वारला. डोंगर होते शहापूरच्या पुढे, उत्तरेला. म्हणजे जेवढं मागे जायचं तेवढंच पुन्हा पुढे यायचं. वाडीच्या तोंडाशी टेम्पो उभा होता. तो हलेपर्यंत तिने मागच्या टॅक्सीवाल्याचा हॉर्न ऐकून घेतला.

खाली दोघं तयार होते, इमारतीच्या दाराच्या दोन टोकांना. आत्याच्या हातात काठी आणि डब्यांची पिशवी, पप्पांच्या खांद्याला टॉवेलची बॅग. तीसुद्धा उजव्या खांद्याला, कारण डावा खांदा आखडून वर जात नव्हता.

“आत्या, तू पुढे बस. गुडघे सरळ ठेवता येतील.”

“त्याला घाटात मळमळतं. त्याला बसव.”

“मग पप्पा, तुम्ही बसा पुढे.”

“तिला सांग, मला उपकार नकोत. शिवाय पुढचा पट्टा या खांद्यावरून येतो. मी मागेच बरा.”

“त्याला वाटतं मला पुढची सीट हवी होती. सांग, मीही मागेच बसते.”

शेवटी दोघंही मागे बसले, मध्ये डब्यांची पिशवी ठेवून, आणि पुढची सीट मोकळी राहिली. जुई एकटी पुढे, भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरसारखी. फ्रीवेवर आत्या म्हणाली काच जरा खाली घ्यायला सांग, आणि काच खाली आली तेव्हा पप्पा म्हणाले खांद्याला वारा लागतोय सांग. भिवंडीच्या आसपास ट्रकांच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा जुईने रेडिओ लावला. दोघांनीही एकाच वेळी तो बंद करायला सांगितलं. सकाळपासून त्यांचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट होती.

रिसॉर्टचं नाव ‘तप्तधारा’. मुख्य रस्ता सोडून डोंगर चढायला लागल्यावर प्रत्येक वळणावर तीच हसणारी बाई बोर्डावर दिसत होती. गेटवर सिक्युरिटीवाल्याने पिशवी उघडायला लावली.

“बाहेरचं खाणं अलाउड नाही, मॅडम.”

“अंड्याची सँडविचेस आहेत,” आत्या म्हणाली. “मला डायबेटिस आहे, मी वेळेवर खाते.”

“आत बुफे आहे, आजी.”

“बुफेत काय आहे ते मला ठाऊक आहे का? तुला ठाऊक आहे का?”

त्याला ठाऊक नव्हतं. डबे गेटवरच्या कपाटात गेले. पप्पा समोरच्या डोंगराकडे बघत म्हणाले, “तिला सांग, मी कालच म्हणालो होतो, तिथे बाहेरचं घेत नाहीत.”

“कोणाला म्हणाला होता?” आत्या जुईला म्हणाली. “भिंतीला?”

त्यानंतर कपड्यांचा प्रश्न आला. आत्याने पाण्यात उतरायला सुती गाऊन आणला होता, नवा, धुवून इस्त्री केलेला. कुंडांकडे बघायला नेमलेली मीराबाई नावाची बाई गळ्यात शिट्टी अडकवून दारातच उभी होती. सुती कपडा चालत नाही, ती म्हणाली, नायलॉनचाच पाहिजे, भाड्याने मिळेल. आणि टोपी. टोपीशिवाय कोणालाच सोडत नाही.

“मी एकोणऐंशी वर्षांची आहे,” आत्या म्हणाली.

“नायलॉन सगळ्यांना आहे, आजी.”

कपडे बदलायच्या खोलीत जुईने आत्याला त्या निळ्या पोशाखात घातलं, म्हणजे अक्षरशः घातलं. पूर्ण बाह्यांचा फ्रॉक, खाली घट्ट विजार, आणि कानांपर्यंत ओढलेली रबरी टोपी. आत्याचे केस अजून लांब होते, ते टोपीत मावेनात. एका बाजूने बटा कोंबल्या की दुसऱ्या बाजूने बाहेर यायच्या. जुईचा हात रबरात अडकला, आत्या ‘आई गं’ म्हणाली, आणि बाहेरून मीराबाईने वेळ सुरू झाल्याचं सांगितलं.

विहंगने ‘फॅमिली कुंड’ घेतलं होतं. बांबूच्या कुडाने वेढलेली, काळ्या दगडात बांधलेली एक टाकी, छातीइतकी खोल, कडेने बसायला पायरी, आणि वरच्या कोपऱ्यातल्या दगडी तोंडातून पडणारी गरम पाण्याची धार. पप्पा आधीच आत होते. त्यांनी कॉलेजात पोहायचे तेव्हाच्या पद्धतीची चड्डी घातली होती, डोक्याला पिवळी टोपी होती, आणि ते बरोबर त्या धारेखाली डावा खांदा धरून बसले होते. आत्या कुडाआडून बाहेर आली तसे त्यांनी एकदा पाहिलं आणि मान वळवली.

“त्याला सांग, हसायचं काही कारण नाही,” आत्या म्हणाली.

“मी हसलो नाही, सांग तिला. आणि तिची सँडविचेस खराब झालीत, हेही सांग. इथपर्यंत वास येतोय.”

“तो गंधकाचा वास आहे, पप्पा. पाण्याचा.”

“असेल,” पप्पा म्हणाले, पटलं नसल्यासारखे.

आत्याला कठड्याला धरून एकेक पायरी उतरवताना जुईची कंबर धरली. पण आत्या पाण्यात बसली आणि जुईही शेवटी बसली, तेव्हा ते पाणी पाठीच्या मणक्यातून वर चढत मानेपर्यंत आलं आणि तिला एकदम जाणवलं की आपण सकाळपासून दात आवळून बसलोय. तिने डोकं मागे दगडाला टेकवलं. कुडाच्या वर डोंगराचा हिरवा तुकडा दिसत होता, त्यावरून ढग सरकत होते. कोणी काही बोलत नव्हतं. ते थोडाच वेळ टिकलं.

“जुई, त्याला सांग, धारेखाली एकट्यानेच बसू नये. इतरांचेही सांधे दुखतात.”

“तिला सांग, मी आत्ताच बसलोय.”

“आत्ताच म्हणे. मी कपडे बदलत होते तेव्हापासून...”

“ऐका,” जुई म्हणाली. ती ओरडली नाही. ओरडायची ताकद त्या पाण्याने काढून घेतली होती. “मी आता डोळे मिटतेय. या पाण्यातून बाहेर निघेपर्यंत मी कोणाचं काही कोणाला सांगणार नाही. कोणी विचारलं तरी बोलणार नाही. मला अर्धा तास द्या तुम्ही दोघं. आयुष्यात अर्धा तास.”

तिने डोळे मिटले आणि हनुवटीपर्यंत खाली सरकली.



“जुई,” आत्या म्हणाली. मग पुन्हा, “जुई.”

“झोपली की काय,” पप्पा म्हणाले, कोणालाच उद्देशून नाही असं.

“झोपते कसली. भुवया बघ तिच्या.”

हे ‘बघ’ कोणाला होतं, ते जुईला कळलं नाही. तिने भुवया सैल सोडल्या.

“अशीच बसायची ही हॉस्पिटलच्या बाकावर,” पप्पा म्हणाले. “डोळे मिटून. घर, ऑफिस, हॉस्पिटल, सगळं हिनेच केलं. दुसरं होतं कोण.”

“जुई, त्याला सांग, टोमणा समजला.”

जुई हलली नाही. आत्या थांबली, वाट बघत असावी.

“टोमणा नाही,” पप्पा म्हणाले. “होतं ते बोललो. तीन आठवडे हेमा तिथे होती. समोरच्या दारातली सख्खी नणंद एकदा आली नाही. परळहून, लालबागहून तिच्या शाळेतल्या बाया आल्या, ज्यांची मला नावंही माहीत नव्हती. ती रोज विचारायची, ताई आल्या का. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हती, तरी ताई आल्या का. मी काय सांगायचं होतं तिला?”

जुईला ते आठवत होतं. पप्पा खोलीबाहेर जायचे तेव्हा आई तिलाही विचारायची, आणि ती उद्या येणारेत म्हणून सांगायची. तिने डोळे घट्ट मिटून घेतले. पाणी फार गरम वाटायला लागलं होतं.

“मी निघाले होते,” आत्या म्हणाली. या वेळी तिने ‘त्याला सांग’ म्हटलं नाही.

“कधी?”

“ती ॲडमिट झाली त्याच आठवड्यात. दुपारी डबा घेऊन निघाले. जिन्याच्या शेवटच्या वळणावर पाय गेला. बसले ती उठताच येईना. डबा गडगडत खालपर्यंत गेला. इस्त्रीवाला दीपक धावत आला, त्याने आणि त्याच्या बायकोने धरून वर आणून सोडलं. गुडघा हा एवढा झाला होता. भिंत धरून मोरीपर्यंत जायचे, तेवढंच. जिना संपला माझा त्या दिवशी, पुढे कित्येक महिने.”

“आणि मला सांगितलं नाहीस?”

“तू रात्री यायचास, आंघोळ करून परत जायचास. मी दाराच्या फटीतून बघायचे. तुझं तोंड काय झालं होतं तेव्हा. त्यात मी बाहेर येऊन सांगू, की आता मलाही ने डॉक्टरकडे?”

“नेलं असतं.”

“म्हणूनच सांगितलं नाही.”

धार पडत राहिली. पलीकडच्या कुंडात कोणीतरी मोठ्याने हसलं.

“तिला नेलं त्या दिवशीही तू खाली आली नाहीस,” पप्पा म्हणाले. त्यांचा आवाज आता खाली आला होता. “तेराव्याला सगळे सतरंजीवर बसलेले, आणि तू खुर्चीत. मला वाटलं, हिला एवढंही वाटत नाही.”

“खाली बसले असते तर उठवायला चार माणसं लागली असती. हेमाच्या तेराव्याला माझा तमाशा कशाला? नंतर सांगणार होते तुला. निवांत झाल्यावर. तर तू माझ्या चपला फेकल्यास.”

“फेकल्या नाहीत. ठेवल्या.”

“एक उलटी होती, मनू.”

पाणी हलल्याचा आवाज आला. ते धारेखालून बाजूला सरकले होते.

“इकडे ये,” ते म्हणाले. “गुडघा इथे धर.”

“नको. तुझा खांदा...”

“ताई, ये म्हणतोय ना.”

जुईने डोळे उघडले. दोन टोप्या, एक पिवळी आणि एक निळी, धारेच्या दोन बाजूंना. आत्या कठडा धरून पाण्यातून एकेक पाऊल सरकत होती आणि पप्पांनी चांगला हात पुढे केला होता. जुईला रडू यायला हवं होतं. आलं ते वेगळंच.

“एवढंच होतं?” ती म्हणाली. “दोन वर्षं मी मोटर बंद करा, पेपरवाल्याला पैसे द्या, कचरा बाहेर ठेवा, हे निरोप देत फिरतेय. क्लायंटसमोर उभी राहून. माझ्या ऋग्वेदाच्या शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटक चालू असताना मी तुमचे फोन घेतलेत. आणि एका जिन्याची गोष्ट तुम्हाला पॅसेज ओलांडून सांगता आली नाही?”

दोघांनी तिच्याकडे वळून पाहिलं. दोघांच्याही चेहऱ्यावर एकच भाव होता, लहानपणी वाढदिवसाच्या केकमध्ये तिने बोट घातलं होतं तेव्हाचा.

“आवाज का चढवतेस?” पप्पा म्हणाले.

“पलीकडे लोक आहेत,” आत्या म्हणाली. “आणि तू झोपली होतीस ना?”

“ही पहिल्यापासून अशीच. एकदम अंगावर येते.”

“हेमाचा स्वभाव.”

“हेमाचा कुठला, तुझा.”

जुईने पुन्हा डोळे मिटले, पण तेवढ्यात मीराबाईची शिट्टी वाजली. वेळ संपली होती.

पाण्यात उतरणं सोपं होतं, हे आता कळलं. गरम पाण्याने आत्याचे गुडघे मऊ पडले होते आणि पायऱ्या शेवाळल्या होत्या. पप्पा मागून आधार द्यायला गेले तर त्यांचा खांदा आखडला. जुई वरून ओढायला गेली तर ओल्या नायलॉनवरून हात सुटला. पुढची फॅमिली कुडाबाहेर टॉवेल घेऊन उभी होती, त्यांचा मुलगा वाकून बघत होता. शेवटी मीराबाई एक प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन पाण्यात उतरली, तिने आत्याला खुर्चीत बसवलं, आणि तिघांनी खुर्चीसकट आत्याला पायरीपायरीने वर चढवलं. खुर्चीवर बसल्या बसल्या आत्या सूचना देत होती. आधी डावा पाय, मनू, डावा. पप्पा सांगत होते की खुर्चीला डावा पाय कुठला.

बुफेत पनीर होतं, दोन प्रकारचं, शिवाय नूडल्स. मासे नव्हते. दोघं एका टेबलावर समोरासमोर बसले आणि जुई ताट घेऊन येईपर्यंत त्यांचं मॅनेजरला बोलावून झालं होतं. डायबेटिसच्या बाईला भाजीत साखर कशी चालते, हे पप्पा विचारत होते, आणि सँडविचेस काढून घेताना हा विचार का नाही केला, हे आत्या. मॅनेजर जुईकडे बघत होता. जुई डाळ-भात खात होती.

मॅनेजर गेल्यावर पप्पा काही वेळ पापड मोडत बसले.

“डब्यात काय होतं?” त्यांनी विचारलं.

आत्याला लगेच कळलं. “मऊ खिमट. तूप घालून. आणि छोट्या डबीत कोलंबीचं लोणचं.”

“लोणचं? डॉक्टरांनी तिला मीठसुद्धा मोजून सांगितलं होतं.”

“एक कोलंबी चाखली असती तर काय झालं असतं?”

“बीपी वाढलं असतं.”

“आणि न चाखल्याने काय राहिलं?”

पप्पा मान खाली घालून म्हणाले, “तिला आवडलं असतं.” आत्याने पाण्याचा ग्लास त्यांच्याकडे सरकवला. जुई उठून ताक आणायला गेली, आणि ताकाच्या काउंटरपाशी लागलं त्याहून जास्त वेळ उभी राहिली.

परतीच्या वाटेवरही दोघं मागेच बसले. पण आता मध्ये पिशवी नव्हती, ती पुढच्या सीटवर आली होती, आणि तिच्यातून ओल्या टॉवेलांचा आणि परत मिळालेल्या सँडविचेसचा वास येत होता. सकाळी एका वाक्यानंतर निदान दुसरं येईपर्यंत शांतता असायची. आता ती नव्हती. त्यांनी दोन वर्षांचं सगळं काढलं. इमारतीतल्या कोणाच्या मुलीचं लग्न कोणाशी झालं, ते दोघांना वेगवेगळं माहीत होतं. पिंपातलं पाणी, वरच्या मजल्यावरचं गळतं, हेमाच्या साड्या कोणाला द्यायच्या. साड्यांवरून आवाज चढले. आत्या म्हणाली, दोन जुईला आणि बाकीच्या ठेवून दे. पप्पा म्हणाले, ठेवून काय करू, रोज कपाट उघडलं की दिसतात. त्यानंतर एसीवरून सुरू झालं. ठाण्याच्या अलीकडे जुईने विचारलं, कोणाला बाथरूमला थांबायचं आहे का. दोघंही म्हणाले, आमचं बोलणं चाललंय ना, मध्ये बोलू नकोस.

ठाकूरद्वारला गाडी लावायला जागा नव्हती. तिने दोघांना दारात उतरवलं. जिना चढताना धरायला थांबू का, असं विचारलं तर पप्पा म्हणाले, “मी आहे ना.” त्यांचा खांदा सकाळसारखाच आखडलेला होता. मागून हॉर्न वाजला, जुईने गाडी काढली.

माटुंग्याला घरी पोचली तेव्हा सिद्धांत, तिचा नवरा, ऋग्वेदाला वरण-भात वाढत होता. त्याने विचारलं कसं होतं. जुई सोफ्यावर आडवी झाली.

“पाणी गरम होतं,” ती म्हणाली. “पप्पा आणि आत्या बोलायला लागले.”

“अरे वा. म्हणजे विहंगचं बरोबर होतं.”

“त्याचं नाव नको घेऊस.”

“पण तुझी सुटका झाली की आता. निरोप-बिरोप सगळे बंद.”

जुईलाही तसंच वाटलं होतं. रविवारी दिवसभर फोन आला नाही. सोमवारी आला नाही. मंगळवारी क्लायंटच्या घरी ती किचन ओट्याची उंची ठरवत होती, तेव्हा आत्याचं नाव दिसलं. तिने सवयीने फोन घेतला.

“जुई, मी आणि मनू बसलोय चहाला. स्पीकरवर आहेस. हा म्हणतो, त्या पाण्याने त्याचा खांदा मोकळा झाला.”

“थोडा झाला,” मागून पप्पा म्हणाले. “पूर्ण कुठे झाला?”

“तेच म्हणतेय. एका वेळेने काय होणार? डॉक्टर म्हणतात चार-पाच वेळा तरी जायला हवं. तुझी सुट्टी कधी असते?”

“आत्या, मी साइटवर आहे.”

“दर पंधरा दिवसांनी शनिवार चालेल,” पप्पा म्हणाले. “आणि या वेळी तुझी आत्या पुढे बसेल.”

“मी मागेच बसणार. याला घाटात मळमळतं.”

“मला मळमळलं का शनिवारी? सांग. एकदा तरी मळमळलं का?”

“तुला कळलं नाही. तोंड पांढरं पडलं होतं तुझं.”

“माझं तोंड तू कधी बघितलंस? तू तर काचेतून बाहेर बघत होतीस.”

क्लायंटची बाई हातात ग्रॅनाइटचे दोन तुकडे घेऊन उभी होती, काळा की करडा म्हणून विचारत होती. जुईने फोन ओट्यावर ठेवला. त्यातून दोघांचे आवाज येत राहिले, एकमेकांत मिसळून, कोण काय म्हणतंय ते वेगळं काढता येणार नाही इतके. तिने काळा तुकडा उचलला, उजेडात धरून बघितला, आणि टेप लावून ओट्याची खोली मोजायला घेतली.